जुन्या मॅटाडोरच्या सांडपाण्याच्या टाक्या: स्टेनलेस, प्लॅस्टिक की फायबर?

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात बजाज टेम्पोची जुनी मॅटाडोर अजूनही एखाद्या गुऱ्हाळामागे किंवा बंद वखारीच्या आवारात उभी असलेली सापडते. १९६९ साली बाजारात आलेल्या या गाडीने पुढची कित्येक वर्षे दूध, तंबाखू, वऱ्हाड आणि शाळेची मुले वाहिली. आता तिचे कॅम्परमध्ये रूपांतर करावे, चोर्ल्याच्या घाटाने गोव्याला किंवा आंबोलीमार्गे कोकणात उतरावे आणि मुक्काम गाडीतच करावा, असे वाटणारे लोक वाढत आहेत. इंजिन, पत्राकाम, रंग आणि गाद्या यांवर त्यांचा विचार पुष्कळ झालेला असतो. सांडपाण्याच्या टाकीचा प्रश्न मात्र बहुधा शेवटी, जमिनीची प्लायवुड ठोकून झाल्यावर निघतो आणि मग उरलेल्या जागेत जी मावेल ती टाकी बसवली जाते. हा क्रम उलटा असायला हवा. पाइपाचा उतार, जमिनीतली छिद्रे आणि चासीवरचे आधार हे सगळे टाकीवर अवलंबून असल्यामुळे तिचा निर्णय पत्राकामाच्या वेळीच झाला पाहिजे.

हा आढावा अशा निर्णयापाशी आलेल्या वाचकासाठी आहे. लोकांचा पहिला प्रश्न ‘टाकी कशाची करावी’ हा असतो. माझ्या मते त्याआधी दोन प्रश्न सुटायला हवेत: टाकी कुठे रिकामी करणार, आणि गाडीखाली ती नेमकी कुठे बसणार. ही दोन उत्तरे हाती आली की स्टेनलेस, प्लॅस्टिक आणि फायबर यांतली निवड बरीचशी आपोआप होते.

एक टाकी की दोन

सांडपाणी दोन प्रकारचे असते. भांडी, हातपाय आणि आंघोळ यांचे मोरीचे पाणी एक, आणि शौचाचे मैलापाणी दुसरे. अमेरिकेतल्या १९५० आणि १९६० च्या दशकांतील पुष्कळ ट्रेलरांत फक्त मैल्यासाठी टाकी असे आणि मोरीचे पाणी नळीने सरळ जमिनीवर सोडले जाई. त्यामुळे तिकडे जुना ट्रेलर दुरुस्त करणाऱ्याला मोरीच्या पाण्याची टाकी जुन्या सांगाड्यात कुठेतरी नव्याने कोंबावी लागते. मॅटाडोर मुळात मालाची किंवा प्रवाशांची गाडी असल्याने आपल्याला दोन्ही व्यवस्था कोऱ्या जागेवर आखता येतात, आणि या सोयीचा पुरेपूर उपयोग केला पाहिजे.

युरोप-अमेरिकेत कॅम्पिंगच्या जागी टाकी रिकामी करण्याची पक्की सोय असते. आपल्या वाटांवर तशी सोय गृहीत धरता येत नाही. बेळगावहून जांबोटी आणि कणकुंबीमार्गे जाणारा रस्ता ज्या डोंगरांतून जातो तिथेच मलप्रभा उगम पावते. भीमगड अभयारण्याचे जंगलही याच खानापूर तालुक्यात आहे, आणि बेळगाव शहर ज्या राकसकोप जलाशयाचे पाणी पिते तो मार्कंडेय नदीवर आहे. घाटात बाजूला गाडी लावून व्हॉल्व उघडला तर ते पाणी अखेर कुठल्या ना कुठल्या ओढ्याला मिळते. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने ओढ्या-विहिरींत असे पाणी सोडण्यास मनाई केली आहेच, पण कायदा नसता तरी ज्या पाण्यावर आपली गावे जगतात त्यात आपला साबण आणि मैला मिसळणे अक्षम्य ठरले असते.

म्हणून मैल्यासाठी तीन पर्याय समोर ठेवून पाहावेत. पहिला पर्याय चासीला बांधलेल्या पक्क्या टाकीचा. तिची क्षमता ६० ते ७० लिटर ठेवता येते, चार-पाच दिवस काळजी नसते आणि वरचे भांडे घरच्या कमोडसारखे वापरता येते. परंतु ती रिकामी करण्यासाठी ७५ मिलिमीटरचा सरकता व्हॉल्व, जाड नळी आणि टाकीच्या तळाहून खाली असलेला चेंबर लागतो. वाटेवरच्या लॉजमध्ये किंवा पेट्रोल पंपावर मागच्या अंगणात गाडी नेऊन नळी जोडण्याची परवानगी कोण देईल? शेतावर कायम उभ्या राहणाऱ्या आणि सेप्टिक टाकीशेजारी लावता येणाऱ्या गाडीलाच ही पद्धत शोभते.

दुसरा पर्याय कॅसेट टॉयलेटचा. भांड्याखालची १८ ते २० लिटरची बंद पेटी बाहेरच्या दारातून ओढून काढायची, हाताने किंवा चाकांवर न्यायची आणि कुठल्याही साध्या शौचकूपात ओतायची. भरलेली पेटी वीस किलोंच्या वर जाते, त्यामुळे ज्याला कंबरेचा त्रास आहे त्याने हे ध्यानात घ्यावे. क्षमतेचा हिशेबही परदेशी माहितीपत्रकावरून करू नये, कारण तिथे कागद गृहीत धरलेला असतो आणि आपण पाणी वापरतो. दोन माणसांचे दिवसाचे साधारण तीन लिटर मूत्र आणि फ्लश व धुण्याचे मिळून आणखी तीन-चार लिटर पाणी धरले, तर १८ लिटरची पेटी अडीच दिवसांत भरते. लहान टमरेल ठेवून पाणी मोजून वापरले की हा कालावधी वाढतो. दुसरी एक जादा पेटी घेऊन ठेवणे हा त्याहून खात्रीचा उपाय आहे.

तिसरा पर्याय कोरड्या शौचालयाचा, ज्यात मूत्र वेगळ्या कॅनमध्ये जाते आणि मैला कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, मिसळून सुकवला जातो. पाणी लागत नाही, वास आश्चर्यकारक कमी असतो आणि टाकीचा खर्चही नाही. पण मैल्याच्या बाजूला धुण्याचे पाणी पडले की सारी रचना बिघडते. घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः वडीलधाऱ्यांना आणि पाहुण्यांना, ही शिस्त पाळता येईल अशी खात्री असेल तरच या वाटेने जावे.

फिरत्या गाडीसाठी मी कॅसेट सुचवेन. तिच्यात फॉर्माल्डिहाइडयुक्त रसायन घालू नये, कारण ते ज्या सेप्टिक टाकीत जाईल तिथले मैला कुजवणारे जिवाणू मारते. जैविक, एन्झाइमयुक्त द्रावण मिळते ते वापरावे. पेटी मालकाने स्वतः रिकामी करावी आणि स्वतः धुवावी. पैसे देऊन हे काम दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची सवय या देशाने पिढ्यान्‌पिढ्या कोणावर लादली आणि २०१३ साली त्याविरुद्ध कायदा का करावा लागला, हे आपण सर्व जाणतो.

मैल्याचा प्रश्न कॅसेटने सुटला की खाली एकच टाकी उरते, ती मोरीच्या पाण्याची. दोन माणसांचा स्वयंपाक, भांडी आणि हात-तोंड धुणे १० ते १५ लिटरमध्ये होते. बादलीभर पाण्याची एकेक आंघोळ गाडीत करायची ठरवली तर त्यात रोज आणखी तीसेक लिटरची भर पडते. आंघोळ मुक्कामाच्या ठिकाणी होणार असेल तर ४५ ते ५० लिटरची टाकी तीन दिवस पुरते. आंघोळ गाडीतच हवी असेल तर ती रोज भरेल, हे आधीच मान्य करावे. मोरीची टाकी पिण्याच्या टाकीपेक्षा फार मोठी करण्यात काही अर्थ नाही, कारण जेवढे पाणी आत आले त्याहून अधिक बाहेर पडू शकत नाही.

वजन कुठे ठेवावे

मॅटाडोरचे इंजिन पुढे आहे आणि ओढही पुढच्याच चाकांना आहे. त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत इंजिनाची ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, नाही, जमीन सखल आहे आणि खाली टाकीसाठी जागा मोकळी दिसते. ही मोकळी जागा पाहून टाकी मागच्या बंपरजवळ टांगण्याचा मोह होतो. वजनाच्या दृष्टीने ती सर्वांत वाईट जागा आहे. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे टांगलेले वजन पुढची चाके उचलू पाहते. समजा दोन ॲक्सलांमधले अंतर २४० सेंटिमीटर आहे आणि भरलेली ६० किलोची टाकी मागच्या ॲक्सलच्या ८० सेंटिमीटर मागे आहे, तर पुढच्या चाकांवरचा भार २० किलोंनी कमी होतो. त्यातच मागे पलंग, बॅटरी आणि सामान आले की पावसाळ्यात ओल्या चढावर पुढची चाके जागीच फिरू लागतात. जुलैमध्ये चोर्ल्याचा घाट चढवणाऱ्याला याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको.

दोन ॲक्सलांच्या मध्ये, शक्य तितकी पुढे, ही टाकीची योग्य जागा होय. पिण्याच्या पाण्याची टाकी तिच्याच बरोबरीने दुसऱ्या अंगाला घ्यावी. पाणी वापरले जाते तसे वजन एका टाकीतून दुसरीत जाते, आणि दोन्ही टाक्या एकाच रेषेत असल्या तर पुढच्या-मागच्या चाकांवरचा तोल प्रवासभर फारसा हलत नाही. टाकीचा तळ मागच्या ॲक्सलच्या खाली कधीही उतरू देऊ नये. शेताच्या बांधावरून आणि गाडीवाटेने जाताना जे पहिल्यांदा आपटते ते सर्वांत खाली असलेलेच. सायलेन्सरच्या नळीपासून हातभर अंतर ठेवावे, आणि तेवढे जमत नसेल तर मध्ये पत्र्याचा पडदा द्यावा.

टाकी गाडीच्या आत, बाकाखाली किंवा पलंगाखाली ठेवण्याचा पर्यायही आहे. दगड, चिखल आणि गंज यांपासून ती वाचते आणि चेंबरपेक्षा उंचावर राहत असल्याने लवकर रिकामी होते. पण सामानाची जागा जाते, आणि मोरीचे तोंड टाकीपेक्षा पुरेसे उंच नसल्याने आंघोळीचे पाणी उताराने तिच्यात पोहोचत नाही. फक्त बेसिन असलेल्या लहान मांडणीत ही जागा विचारात घेण्याजोगी आहे.

काम सुरू करण्यापूर्वी गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा मोजून घ्यावा. हंगामात उसाच्या गाड्या मोजणारे काटे आपल्या भागात जागोजागी आहेत आणि हे काम काही मिनिटांचे आहे. आरसीवर नोंदलेल्या एकूण वजनात किती किलो शिल्लक आहेत हे त्यावरून कळते, आणि टाकीची क्षमता त्या आकड्याला विचारून ठरवावी लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरील तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. त्यामुळे रूपांतराविषयी बेळगाव किंवा चिकोडीच्या आरटीओ कार्यालयात आधीच बोलून घेणे शहाणपणाचे.

कशाची करावी

तुलनेसाठी एकच माप घेऊ: ८० सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि १५ उंच, म्हणजे ४८ लिटरची चपटी टाकी. तिचे एकूण पृष्ठफळ बरोबर एक चौरस मीटर भरते. दीड मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस पत्र्यात ती सुमारे १२ किलोंची होते. सहा मिलिमीटरच्या पॉलिएथिलीनमध्ये, म्हणजे टाक्यांच्या नेहमीच्या प्लॅस्टिकमध्ये, पावणेसहा किलोंच्या आसपास आणि चार मिलिमीटरच्या फायबरमध्ये सहा-साडेसहा किलोंची. आत ४८ किलो पाणी येणार असताना सहा किलोंचा फरक मोठा वाटत नाही, आणि केवळ वजनावरून स्टेनलेस नाकारणे मला पटत नाही.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याची टाकी मात्र या तुलनेत घेतलेलीच नाही. जुन्या रूपांतरात ती सापडली तर काढून टाकावी. साबणाचा क्षार आणि खरकट्याचा आंबट अंश मिळून जस्ताचा थर आतून खातात, आणि सांधा गळू लागतो तेव्हा शेजारचा चासीचा पत्राही बहुधा सडलेला असतो.

स्टेनलेसच्या बाजूने आपल्या भागात एक भक्कम मुद्दा आहे. उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीमुळे बेळगावात पत्रा वाकवणारे आणि आर्गॉन वेल्डिंग करणारे कारागीर हाताशी आहेत. चासीच्या आडव्या पट्टीला खाच देऊन, एका कोपऱ्यात उतार घेऊन, हवी तिथे सॉकेट जोडून, मापानुसार टाकी बनवून मिळते. दगड लागला तर पोचा पडतो, पण ती फुटत नाही. गाडी पावसाळाभर गावी उभी राहणार असेल तर घुशी-उंदरांच्या दातांना ती दाद देत नाही, आणि हा मुद्दा खेड्यात गाडी ठेवणाऱ्याने हलका मानू नये.

पण स्टेनलेस म्हटले की सगळे सारखे नसते. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. बाजारात मिळणाऱ्या २०२ ग्रेडमध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेले असते आणि ते मोरीच्या पाण्यात लवकर डागाळते. दोन्हींना लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून चुंबकाची परीक्षा इथे निरुपयोगी आहे. बिलावर ग्रेड लिहून घ्यावी आणि पत्रा कापण्यापूर्वी मँगनीज ओळखणारे द्रावण टाकून पाहावे. मीठ आणि ब्लीचिंग पावडर हे ३०४ चेही शत्रू आहेत. त्यातल्या क्लोराइडमुळे वेल्डच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. गाडी वारंवार समुद्रकाठी जाणार असेल तर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ घ्यावे, मात्र त्याची किंमत बरीच अधिक पडते. याच कारणाने मैल्याची पक्की टाकी मी स्टेनलेसमध्ये करू नये असे सांगेन, कारण मूत्रातही क्लोराइड असते. शिवाय स्टेनलेस टाकी थेट लोखंडी चासीवर टेकवली तर ओलाव्यात चासीचे लोखंड अधिक वेगाने गंजते. मध्ये रबराची पट्टी हवीच.

पॉलिएथिलीनच्या टाक्या दोन रीतींनी मिळतात. साच्यात फिरवून एकसंध घडवलेली तयार टाकी सर्वांत स्वस्त असते आणि तिला सांधाच नसल्याने गळण्याची भीती सर्वांत कमी. पण माप जे तयार असेल तेच घ्यावे लागते, आणि छतावरच्या घरगुती टाक्यांपैकी चपटे माप क्वचितच जुळते. दुसरी रीत म्हणजे सहा ते आठ मिलिमीटरचे एचडीपीई (पॉलिएथिलीनचाच घट्ट प्रकार) पत्रे गरम हवेने जोडून मापाची टाकी करून घेणे. रसायनांच्या टाक्या बनवणारे कारागीर हे काम करतात. साबण, आम्ल, ब्लीच, मीठ यांपैकी कशानेही पॉलिएथिलीनचे काही बिघडत नाही, आणि मैल्याच्या टाकीसाठीही ते निर्धास्तपणे वापरता येते.

त्याचे दोष वेगळे आहेत. भरल्यावर त्याचे पोट फुगते, म्हणून टाकी नुसत्या पट्ट्यांवर टांगता येत नाही. खाली एमएस (साध्या लोखंडाच्या) अँगलची चौकट आणि तिच्यावर सलग पत्रा द्यावा लागतो, आणि त्या चौकटीचे वजन धरले की स्टेनलेसच्या तुलनेतला हलकेपणा बराचसा संपतो. त्याला कुठलाही डिंक किंवा सोल्युशन चिकटत नाही, त्यामुळे प्रवासात तडा गेला तर रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये दुरुस्ती होत नाही. नळ जोडायला रबरी वायसर असलेले टँक निपल वापरावे आणि ते सपाट, जाड भागातच बसवावे. वास पॉलिएथिलीनमध्ये थोडा मुरतो, हेही खरे.

फायबरची बाजू घेणारे लोक आकाराचा मुद्दा मांडतात आणि तो रास्त आहे. चाकाच्या कमानीला वळसा घालून जाणारी, एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ अशी टाकी फायबरमध्ये जितकी सहज होते तितकी इतर कशात होत नाही. गोव्यात फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर आहेत आणि बेळगावहून ते दूर नाहीत. तडा गेला तर मॅट (काचेच्या धाग्यांचे कापड) आणि रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) लावून कोणीही तो बुजवू शकतो. परंतु या टाकीचा दर्जा पूर्णपणे करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो. आतल्या थरात रेझिन कमी पडले तर काचेच्या धाग्यांतून पाणी शिरते आणि थर सुटू लागतात. साधे रेझिन न वापरता आयसोफ्थॅलिक किंवा व्हिनाइल एस्टर रेझिन मागून घ्यावे. कामही पावसाळ्याबाहेर, दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करावे, कारण दमट हवेत रेझिन नीट घट्ट होत नाही आणि वास महिनोन्‌महिने राहतो. चासी पिळवटते तेव्हा घट्ट बोल्ट केलेली फायबर टाकी कोपऱ्यात तडकते, म्हणून ती रबरावर आणि पट्ट्यांनी धरलेली असावी.

माझा कौल असा: चासीच्या मध्ये आयताकृती जागा सरळ मिळत असेल आणि गाडी घरी झाकलेल्या शेडमध्ये राहणार असेल तर एचडीपीईची जोडलेली टाकी घ्यावी. जागा वेडीवाकडी असेल, वाटा दगडाच्या असतील किंवा गाडी उघड्यावर उभी राहणार असेल तर ३०४ स्टेनलेस, आणि ब्लीच तिच्या जवळपासही आणू नये. टाकी आत, चाकाच्या कमानीवर बसणार असेल तरच फायबर. शेतावर कायम उभ्या गाडीच्या मैल्याच्या पक्क्या टाकीसाठी पॉलिएथिलीनशिवाय दुसरे काही सुचवावेसे वाटत नाही.

जोडकाम

पाइपाला दर मीटरला दोन सेंटिमीटर उतार पुरतो. मोरीसाठी ४० मिलिमीटरचा पाइप घ्यावा. टाकीला छतापर्यंत नेलेली हवेची नळी हवी, नाही तर पाणी अडखळत जाते आणि वास आत येतो. घरातला नहाणी ट्रॅप गाडीत भरवशाचा नसतो, कारण घाटातल्या वळणांत त्यातले पाणी हिंदकळून निघून जाते. बाजारात पडद्याचा कोरडा व्हॉल्व मिळतो तो बसवावा. पातळी दाखवणारा बाहेरून चिकटवायचा सेन्सर प्लॅस्टिक आणि फायबरवर चालतो, पण स्टेनलेसवर चालत नाही. तिथे तरंगता फ्लोट आतून बसवावा लागतो, आणि स्टेनलेस निवडणाऱ्याने तशी जागा वेल्डिंगच्या वेळीच ठेवून घ्यावी. हात जाईल एवढे झाकण प्रत्येक टाकीला असावे, कारण तेल आणि पिठाचा गाळ तळाशी बसतोच. टाकीत पाणी हेलकावू नये म्हणून आडवी भिंत घातली तर तिच्या खाली दोन-तीन सेंटिमीटरची फट ठेवावी, म्हणजे गाळ अडकत नाही.

प्लायवुड ठोकण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवावी, सांधे कोरड्या कागदाने पुसून पाहावेत, आणि भरलेल्या टाकीनिशी जांबोटीच्या रस्त्यावर एक फेरी मारून क्लॅम्प व नटबोल्ट पुन्हा आवळावेत. परतताना गाडी पुन्हा काट्यावर घ्यावी. पुढच्या ॲक्सलचा आकडा पहिल्यापेक्षा घटलेला दिसला तर टाकी पुढे सरकवायची वेळ तीच, कारण त्यानंतर जमीन उचकटावी लागते.